टाकीचं झाकण हरवलं त्या वेळचं नागपूर

नाशिकहून नागपूरला जायचं म्हटलं की आता माणूस संध्याकाळी गाडीत बसतो आणि सकाळी डोळे चोळत उतरतो. वाटेत काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं. मी सांगतो आहे तो प्रवास शहात्तर-सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यातला असावा. धुळे, जळगाव, अकोला असे मुक्काम करत आम्ही मोटारीनं गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको मालती. आम्ही दोघंही तेव्हा नाशकात शाळेत शिकवत होतो.

मोटार माझ्या वडिलांची. ते डॉक्टर होते आणि व्हिजिटला जायला त्यांनी एक काळी, गोल पाठीची विलायती गाडी जुनीच घेतली होती. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. तिच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण मागच्या डाव्या चाकावर, उघड्यावर होतं. वडील रविवारी ते काढून फडक्यानं पुसायचे, आतली बुचाची चकती बोटानं दाबून पाहायचे, ती सुकली असली तर बदलायचे आणि शेवटी टाचणीनं झाकणात काहीतरी टोचत बसायचे. मी पुसण्याचा भाग तेवढा उचलला होता.

मालतीचं माहेर नागपूरचं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच तिकडे निघालो होतो. तिच्या वडिलांचा नकार असताना तिनं माझ्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं आणि त्याला तीन वर्षं होऊन गेली तरी ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सासूबाईंनी ओळखीच्या एका बाईंकडून निरोप पाठवला होता, ‘संत्र्याच्या दिवसांत दोघं या.’ वडिलांना हे माहीत आहे का, ते निरोपात नव्हतं. मालतीनं ते विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तळेगाव

मलकापूर मागे पडलं तशी मालतीची भाषा बदलायला लागली. नाशकात शाळेत ती इतकं नेटकं बोलायची, की ती विदर्भातली आहे हे कुणाच्या लक्षात येत नसे. आता चहावाल्याला ती ‘मले साखर कमी’ म्हणाली आणि स्वतःच हसली. आणखी एक बदल मला जास्त गमतीचा वाटला. घरी ती मला ‘अरे’ म्हणायची. अमरावती सोडल्यावर ‘अहो’ म्हणायला लागली.

“आतापासून?” मी म्हटलं.

“सवय करून राहिले,” ती म्हणाली. “तिथं तोंडातून ‘अरे’ गेलं तर आई घेरी येऊन पडन.”

तळेगावला आम्ही पेट्रोल भरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग होते, आणि पंपावरसुद्धा पेट्रोलपेक्षा संत्र्याच्या सालीचा वास जास्त होता. पंपावरच्या माणसानं झाकण काढून गाडीच्या टपावर ठेवलं, टाकी भरली, आणि तो दुसऱ्या ट्रककडे गेला. आम्ही दोघं संत्री सोलण्यात दंग. गाडी सुरू केली आणि निघालो. टपावरून काहीतरी खडखडत गेल्याचं मालतीनं ऐकलं होतं, पण तिला वाटलं, माकड असेल.

कोंढाळीच्या पुढे पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा मी उतरून पाहिलं. टाकी तोंड उघडं टाकून बसली होती आणि मागच्या चाकावर पेट्रोलचे ओघळ आले होते. मी माझ्या जुन्या बनियनचा बोळा करून तोंडात कोंबला आणि सुतळीनं बांधला. सासऱ्यांच्या दारात पहिल्यांदा जायचं ते असं.

हनुमाननगर, नागपूर

मालतीचे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. काटोलकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. हनुमाननगरमध्ये बैठं घर, पुढे मोठं अंगण, त्यात पेरूचं झाड. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावतच आल्या, आमच्यावरून ओवाळून टाकलं आणि मग ‘माही मालू वं’ म्हणून लेकीच्या गळ्यात पडल्या. सासरे ओसरीवर खुर्चीत बसले होते. उठले नाहीत. मालती त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, पण शब्द आला नाही.

मग त्यांनी नाक वर करून हवेत वास घेतला.

“पेट्रोलचा वास कुठून येऊन राहिला?”

तीन वर्षांनंतरचं हे त्यांचं पहिलं वाक्य. पुढच्याच क्षणी ते उठून तुळशीपाशी गेले. “अगोदर हा दिवा आत घ्या! अन् गाडी ढकला तिकडं, पेरूखाली.” सासूबाईंनी दिवा उचलला, मी आणि मालतीनं गाडी ढकलली. सासऱ्यांनी वाकून सुतळी बांधलेला बोळा पाहिला.

“झाकण कुठं आहे?”

“वाटेत पडलं,” मी म्हटलं.

“पडलं? झाकण का आंबा आहे, पडाले?”

मालतीला हसू फुटलं. ती तोंडावर पदर धरून आत पळाली. त्यांनी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. मला वाटलं, तेही हसतील, पण ते आत निघून गेले.

त्या रात्रीचं जेवण मी विसरलेलो नाही. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात आणि वर हिंगाची फोडणी दिलेलं तेल. आमच्याकडे भातावर तूप पडतं, तिथं गरम तेल पडलं. सासूबाईंनी ‘सांबार घ्या’ म्हणून वाटी पुढे केली तर तीत चिरलेली कोथिंबीर. मी इडलीची वाट पाहत होतो, हे मालतीनं सगळ्यांना सांगून टाकलं. सासरे मात्र पानावर नव्हते. त्यांचं ताट सासूबाईंनी आधीच आतल्या खोलीत दिलं होतं. मालतीचा घास दोनदा हातातच राहिला. राग अजून गेला नाही, असं आम्ही दोघंही समजलो.

जरीपटका

सकाळी मी चहाला उठलो तर सासरे कोट-टोपी घालून तयार. त्यांनी वर्तमानपत्राचा कागद टाकीच्या तोंडावर दाबून त्याचा ठसा घेतला होता आणि घडी करून खिशात ठेवला होता.

“चला,” म्हणाले. “जरीपटक्यात एक दुकान आहे. या वासाच्या गाडीत मी बसणार नाही. रिक्षा करू.”

त्यांना काय हाक मारायची, हा माझा प्रश्न होता. मालतीनं सांगितलं, ‘मामाजी म्हणा.’ सायकलरिक्षात मी दोनदा ‘मामाजी’ घशापर्यंत आणलं आणि गिळलं. त्यांनीही माझं नाव घेतलं नाही. सीताबर्डीवर थंडीतलं कोवळं ऊन उतरलं होतं, दुकानदार फळ्या उघडत होते. रस्ता एवढा रुंद आणि गर्दी एवढी थोडी, की रिक्षावाला मागे वळून वळून आमच्याशी गप्पा मारत होता. एका टपरीवर मी तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल झणझणीत रस्सा ओतून खातात, हे मी प्रथम पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. सासरे शेजारी उभे राहून रस्त्याकडे पाहत होते.

“तुम्ही घ्या ना, मामाजी.” झालं, एकदाचं बाहेर पडलं.

“मी बाहेर खात नाही,” ते म्हणाले. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. सकाळपासून तो तिथंच होता.

जरीपटक्यातलं ते दुकान म्हणजे लोखंडाची गुहा होती. मालक एक म्हातारे सिंधी गृहस्थ. गाडीचं वर्णन ऐकून त्यांनी हात जोडले. “साहब, ये गाडी का सामान तो अब अजायबघर में मिलेगा.” पण कागदावरचा ठसा पाहिल्यावर त्यांना चेव चढला. डबेच्या डबे उपडे झाले. एक झाकण मोठं, एक लहान, एकाच्या खाचा उलट्या. सासरे प्रत्येक झाकण ठशावर ठेवून पाहायचे, मान हलवायचे आणि बाजूला सारायचे. पाऊण सकाळ गेली. शेवटी तळातून एक जड पितळी झाकण निघालं, कुठल्याशा जुन्या ट्रकचं. ते ठशावर नेमकं बसलं. आतलं रबर कडक होऊन तडकलं होतं, म्हणून मालकांनी टायरच्या ट्यूबमधून नवी जाड चकती कापून बसवली.

“ऐसा बैठेगा, साहब, कि हवा भी नहीं जाएगी!”

घरी येऊन बसवलं, तर खरंच, दोन्ही हातांनी दाबून फिरवावं लागलं. फिरवलं मीच, ते शेजारी उभे होते. बसताना ‘खट्’ असा आवाज आला. त्यांनी झाकणावर डाव्या हातानं टिचकी मारली.

“आता उद्या रामटेकले जाऊ. सगळे,” ते म्हणाले. ‘सगळे’ म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं मालती उभी होती.

रामटेकची वाट

निघालो तेव्हा शेतांवर धुकं होतं. सासरे पुढे माझ्याशेजारी, मालती आणि सासूबाई मागे. कामठी गेलं, कन्हानचा पूल गेला. पुलावर सासूबाईंनी नदीला नमस्कार केला. आणि थोडं पुढे जाऊन गाडीनं दोन आचके दिले आणि उभी राहिली.

टाकी तर भरलेली. मी बॉनेट उघडलं. सासऱ्यांनी सरकारी जीप बरीच वर्षं चालवली होती, त्यामुळे त्यांची मतं तयार होती. “पंप असन. नाही तर कार्ब्युरेटरमंदी कचरा.” आम्ही नळी काढून फुंकली. बराच वेळ खटपट करून बटण दाबलं तर गाडी सुरू. दोघांनाही वाटलं, कचरा निघाला. थोडं अंतर गेलो आणि पुन्हा तेच. पुन्हा फुंकलं, पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा मनसरच्या अलीकडे बंद पडली तेव्हा सासरे खाली उतरून एका मैलाच्या दगडावर बसले. लेकीला घेऊन तीन वर्षांनी पहिल्यांदा बाहेर पडले होते आणि हे असं. त्यांचा चेहरा पाहून मालती रडवेली झाली.

पेट्रोल कुठं गळतंय का ते पाहावं, म्हणून मी झाकण फिरवलं. ते उघडलं आणि ‘सूऽऽऽ’ असा लांब आवाज झाला, जणू कुणी खोल श्वास घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“आता लावून पाहा,” सासरे म्हणाले.

बटण दाबताच गाडी सुरू.

“वा वा,” सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, “तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं तर तेल येते काय? दुसरं पाडाच लागते.”

मग सगळा उलगडा झाला. पेट्रोल बाहेर जातं तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. बनियनच्या बोळ्यातून ती येत होती म्हणून बोळ्यावर गाडी सुरळीत चालली. या झाकणाचं जुनं भोक गंजानं बुजलं होतं, आणि ट्यूबच्या चकतीनं उरलीसुरली वाटही बंद केली होती. माझे वडील रविवारी टाचणीनं काय टोचत बसायचे, ते मला त्या रस्त्यावर कळलं. ते असते तर त्यांना सांगितलं असतं.

झाकण सैल ठेवून आम्ही मनसर गाठलं. तिथं एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात हातानं फिरवायचं ड्रिल होतं. तळ्यातले शिंगाडे उकडून विकणाऱ्या बायका पलीकडे बसल्या होत्या. मालती आणि सासूबाई तिकडे गेल्या. टाकीला बोळा लावून मी गाडी लांब उभी केली, झाकण पुसून उन्हात ठेवलं आणि मग ते पकडीत बसवलं.

“इकडं द्या,” म्हणून सासऱ्यांनी ड्रिल घेतलं. “भोक तिरकं पाडा लागते. म्हणजे पेट्रोल उसळत नाही अन् धूळ सरळ आत पडत नाही.”

त्यांचा उजवा हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तो थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नव्हे. जागच्या जागी, सारखा, त्यांच्या इच्छेचा आणि त्याचा काही संबंधच नसल्यासारखा. ड्रिलचं टोक पितळेवरून घसरलं. त्यांनी दात आवळून पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. पितळेवर तीन-चार ओरखडे उठले. दुकानदारानं मान वळवून दुसरंच काम हातात घेतलं.

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि दाबून धरला. त्यांनी तो झटकला नाही. डाव्या हातानं त्यांनी मूठ फिरवायला सुरुवात केली, आणि हळूहळू पितळेचे बारीक सोनेरी तुकडे बाहेर येऊ लागले. भोक आरपार झालं तेव्हा आम्ही दोघंही घामानं भिजलो होतो.

“मालूले सांगू नका,” ते म्हणाले.

अंबाळा तलाव

मनसरपासून गाडी एकदाही थांबली नाही. रामटेकला अंबाळ्याच्या काठावर आम्ही डबे उघडले. पुडाच्या वड्या होत्या. भरपूर कोथिंबीर भरलेली, चुरचुरीत वडी. मला आता ‘सांबारवडी’ म्हणता येत होतं. जेवण झाल्यावर मालती आणि सासूबाई गडाच्या पायऱ्या चढायला गेल्या. सासरे म्हणाले, मी बसतो. मीही थांबलो.

तलाव शांत होता. घाटावरची माकडं आमच्या डब्यांवर नजर ठेवून होती. सासरे पाण्याकडे पाहत बोलू लागले.

“उन्हाळ्यापासून आहे हे. सायकल सोडली. चारचौघांत जेवण सोडलं. घास तोंडापर्यंत जात नाही, अर्धा सांडते.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“काहून दाखवू? नाव सांगतील रोगाचं, दुसरं काय.” ते थांबले. “तुमच्या लग्नाचा राग होता मले. खोटं काहून बोलू? लई राग होता. तो कधी गेला ते मलेच समजलं नाही. एक दिवस पाहतो तर नव्हता. म्हटलं, दिवाळीले बोलावू पोरीले. अन् तेवढ्यात हे सुरू झालं. मंग वाटलं, आता बोलावलं तर ती म्हणन, हात कापाले लागला म्हणून बाप नरम पडला. गरज पडली म्हणून आठवण झाली.”

“ती असं म्हणणार नाही, मामाजी.”

“नाही म्हणणार. ते मले माहीत आहे. माहीच पोरगी आहे ती.” ते किंचित हसले. “पण मले वाटन ना, का मनात म्हणत असन.”

मी एवढंच म्हटलं, “मी आपणहून सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे वळून नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

“बराबर आहे, जवाईबापू,” ते म्हणाले.

वरून मालतीची हाक आली. ती पायऱ्यांवर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. त्यांनी डावा हात उंच करून हलवला.

कोंढाळी

उरलेले दिवस भराभर गेले. महाराजबागेत फिरलो, फुटाळा तलावाच्या काठी हुरडा खाल्ला, कुणाकुणाच्या घरी बोलावणी झाली. प्रत्येक घरी आग्रह असा, की ‘नको’ या शब्दाचा तिथं काही उपयोग नाही हे मी शिकलो. सासरे आता मालतीशी बोलत होते, पण पावसाचं, बगीच्याचं, शाळेचं. जेवण मात्र आतल्या खोलीतच. मालती मला विचारायची, “अजून राग आहे काय हो त्यांचा?” मी म्हणायचो, “राग नाही.” तिनं पुढे विचारलं नाही, आणि मला ते ओझं वाटायला लागलं.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी संत्र्यांची टोपली, फल्लीची म्हणजे शेंगदाण्याची चटणी, कुरड्या, सगळं गाडीत भरलं. मी झाकण काढून रबर पुसलं, भोकात टाचणी फिरवली आणि परत बसवलं. तेवढ्यात सासरे कोट-टोपी घालून बाहेर आले.

“कोंढाळीपर्यंत येतो. तिथून काटोलची बस भेटते. बगीच्यात चक्कर मारून येतो.”

सासूबाईंनी आतून एक पिशवी आणली आणि मागच्या सीटवर ठेवली. तीत धोतरजोडी, बंडी, दाढीचं सामान दिसत होतं.

“हे कायले?” सासऱ्यांनी विचारलं.

“असू द्या जी. बगीच्यात थंडी असते,” असं म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मी येईन मागून, आगगाडीनं.”

ती दोघं आता नाहीत. ते घर पाडून तिथं मजले चढले, आणि गाडी कधीच भंगारात गेली. नागपूरला अजून जातो, पण हनुमाननगरच्या त्या गल्लीत पाय वळत नाहीत. नागपूर म्हटलं की मला तो कोंढाळीचा बसथांबा तेवढा दिसतो.

आम्ही पोचलो तेव्हा काटोलची बस उभीच होती. मी गाडी तिच्या मागे लावली. सासरे हलले नाहीत. कंडक्टरनं घंटी मारली, बस निघाली, तिची धूळ आमच्या काचेवर बसली, तरी ते समोर पाहत बसून राहिले.

“बाबा, तुमची बस गेली,” मालती मागून म्हणाली.

“जाऊ दे. चहा सांग.”

मालती टपरीवरून स्वतः ग्लास घेऊन आली आणि खिडकीशी उभी राहिली. त्यांनी खिशातून उजवा हात काढला. एरवी असं काही आलं की ते ‘नको’ म्हणायचे. आज त्यांनी ग्लास धरला. चहा हिंदकळला, बोटांवर सांडला, कोटावर सांडला. त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला नाही. तसाच तिच्यासमोर धरून ठेवला.

“पाह्य मालू,” ते म्हणाले. “असं झालं आहे.”

मालतीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘कधीपासून’, ‘काहून नाही सांगितलं’ असं काही ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. ग्लास तिनं स्वतःच्या हातात घेतला आणि फुंकर मारून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी सगळा चहा संपवला.

मग ती दार उघडून पुढेच बसायला लागली. त्या गाडीची पुढची सीट सलग बाकासारखी होती. “सरका जरा,” ती म्हणाली. ते माझ्याकडे सरकले, पण तिच्या बाजूला त्यांचा डावा हात आला, तशी ती पुन्हा उतरली, त्यांनाही उतरवलं, आपण मध्ये शिरली आणि त्यांना खिडकीशी बसवलं. त्यांचा तो हात उचलून तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवला.

“नाशकात चांगले डॉक्टर आहेत,” मी म्हटलं.

“ते पाहू मंग,” सासरे म्हणाले. “तुम्ही गाडी काढा.”

अमरावती येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही.